माळ्यावरची पिवळी चित्रं

सप्रेम नमस्कार.

मी ७१ वर्षांचा, कोल्हापूरचा निवृत्त चित्रकला शिक्षक. ३३ वर्षं शाळेत मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेतली आणि उरलेल्या वेळात तैलरंगात काम केलं. कॉलेजच्या दिवसांपासून दर दिवाळीच्या सुट्टीत पंचगंगेच्या घाटावर एकाच जागी बसून एक लँडस्केप करतो. एकही दिवाळी चुकलेली नाही. जुनी चित्रं घरात, शाळेत, मुलीकडे लागली आहेत. भिंती भरल्या तशी २०१५ नंतरची सगळी माळ्यावर रचत गेलो.

तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि घरातल्या भिंती इतक्या पांढऱ्या आहेत हे नव्यानं कळलं. उत्साहात माळ्यावरची चित्रं खाली काढली आणि मटकन खाली बसलो. सगळी पिवळी. पायऱ्यांखालच्या सावलीतला जांभळा जाऊन तिथे तपकिरी आलेला. २०१९ चं तर चिखलात बुडवून काढल्यासारखं. हल्ली ब्रश ओढताना जड जातो म्हणून रंगात लिनसीड थोडं जास्त घालतो, पण रंग तर मी डोळ्यांनीच जुळवले होते ना? ज्या डोळ्यांच्या भरवशावर पन्नास वर्षं काढली, त्यांनीच दगा दिला.

नव्या डोळ्यानं ही चित्रं दुरुस्त करू, की जाळून टाकू? एक चित्र माझ्या माजी विद्यार्थ्यानं पैसे देऊन नेलंय, ते परत मागू का? आणि या वयात आता थांबावं का? आमच्या सौ. म्हणतात, चित्रांना हात लावू नका. पण त्यांना रंगातलं कळत नाही. महिन्याभरानं डावा डोळा करायचा आहे.

आपला,
एक चित्रकला शिक्षक

*

सर,

वहिनींचं ऐका. चित्रांना हात लावू नका. जाळण्याचा विचार तर मनातूनही काढून टाका. तुम्ही कोल्हापूरचे, तेव्हा चित्रकार अबालाल रहिमानांची गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असेल. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात अबालालनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा विशीत होते आणि मला ती फार थोर वाटली होती. आज ती आठवली की नुसती हळहळ वाटते.

आता पिवळेपणाचं बघू. तुम्ही सगळं खापर डोळ्यांवर फोडलंत. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. दोन वाक्यं तुम्ही सहज लिहून गेलात. भिंती भरल्या म्हणून २०१५ नंतरची चित्रं माळ्यावर गेली. आणि ब्रश जड जातो म्हणून हल्ली लिनसीड जास्त पडतं. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

लिनसीड म्हणजे आपलं जवसाचं तेल. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, आणि घट्ट होता होता पिवळं पडतं. चित्र उजेडात असेल तर हे फारसं जाणवत नाही, अंधारात असेल तर ठळक दिसतं. रंगात तेल जितकं जास्त, तितका पिवळेपणाही जास्त. तुमची भिंतीवरची जुनी चित्रं कमी तेलाची आणि रोज उजेड खाणारी. माळ्यावरची नवी चित्रं जास्त तेलाची, आणि वर्षानुवर्षं काळोखात एकावर एक रचलेली. या दोघांची तुलना करून तुम्ही डोळ्यांना शिक्षा सुनावलीत.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचं औषधही तितकंच जुनं. युरोपातला जुना चित्रकार रुबेन्स, त्यानं १६२९ साली आपल्या एका स्नेह्याला पत्रातून कळवलं होतं, की माझं चित्र बरेच दिवस पेटीत बंद राहून पिवळं पडलं असेल, तर ते अधूनमधून उन्हात ठेवा. त्याच्याकडचं ऊन सौम्य. आपल्या उन्हात कॅनव्हास तापतो, सैल पडतो, म्हणून आपल्याला खिडकीतला उजेड पुरे. एकाच सुमाराची दोन चित्रं निवडा. एक उत्तरेच्या खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, तोंड उजेडाकडे करून ठेवा. दुसरं माळ्यावरच राहू दे. सहा-सात आठवड्यांनी दोन्ही शेजारी लावा. तेलामुळे आलेला पिवळेपणा उजेडात बराच उतरतो. जो उतरणार नाही त्याचा हिशेब आपण नंतर करू. वर व्हार्निश मारलं असेल तर तेही पिवळं पडलेलं असू शकतं. त्याला घरच्या घरी हात लावू नका, जाणकारालाच दाखवा.

जाता जाता तेलाबद्दल थोडं. खालच्या थरात तेल कमी आणि वर जास्त, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण पांढऱ्यात आणि निळ्यात तरी लिनसीडऐवजी करडईचं तेल वापरून बघा. रंगांच्या दुकानात मिळतं ते, स्वयंपाकघरातलं नव्हे. ते वाळायला वेळ घेतं, पण पिवळं कमी पडतं.

आता डोळा. त्याचा यात वाटाच नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळसर होत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू रोज थोडी थोडी जुळवाजुळव करून घेतो, आणि पांढऱ्या भिंतीला आपण पांढरीच म्हणत राहतो. पण तुम्ही एक गोष्ट विसरताय. ज्या भिंगातून तुम्ही घाटाकडे बघत होता, त्याच भिंगातून पॅलेटकडे आणि कॅनव्हासकडेही बघत होता. दगड पिवळा दिसत असेल, तर त्या दगडासाठी कालवलेला रंगही तेवढाच पिवळा दिसत होता. दोन्हीकडे चष्मा एकच. त्यामुळे समोर बघून रंग जुळवताना चूक बरीचशी आपोआप फिटते.

जिथे फिटत नाही ती जागा म्हणजे सावली. निळा उजेड आत पोचतच नाही, तेव्हा गडद निळा, गडद जांभळा आणि गडद तपकिरी यांच्यातला फरक कळेनासा होतो. पायऱ्यांखालचा तुमचा जांभळा गेला, तो बहुधा डोळ्यामुळेच गेला. तेवढं कबूल करायला हवं.

आणि आजचा उजवा डोळा? त्यालाही इतक्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नका. मोतीबिंदू काढल्यावर बऱ्याच जणांना सुरुवातीला जग जरा जास्तच निळं दिसतं. मेंदूला जुन्या भिंगाची सवय असते, ती सुटायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. तुम्ही तर तिसऱ्याच आठवड्यात सगळा माळा खाली काढून बसलात. शिवाय बसवलेलं भिंग पूर्ण पारदर्शक आहे की किंचित पिवळसर छटेचं, हे डॉक्टरांना विचारा. दोन्ही प्रकार मिळतात, आणि रंगाचं काम करणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं. डाव्या डोळ्यातही त्याच प्रकारचं बसेल ना, हे ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्या. तुम्ही चित्रकार आहात हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर पहिलं ते सांगा.

२०१९ च्या चित्राबद्दल मला वेगळं बोलायचंय. चिखलात बुडवून काढल्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंत. सर, त्या वर्षी ऑगस्टात पंचगंगेला कसला महापूर आला होता हे तुम्हाला मी सांगायचं? घाटावरची देवळं दर पावसाळ्यात पाण्यात जातात, पण त्या वर्षी पाणी शहरात शिरलं होतं. तुम्ही दिवाळीत तिथे जाऊन बसलात तेव्हा पायऱ्यांच्या सांध्यांतला गाळ धुऊन गेला होता का? दगडांवर पाण्याची रेघ कुठवर होती? तुम्हाला आठवत असेल, आणि आठवत नसेल तर चित्रात बघा. मला वाटतं, तुम्ही जे बघितलंत ते तिथे आहे. ते चित्र तुम्ही जांभळ्या सावल्या घालून 'नीट' केलंत, तर तुमच्या पन्नास वर्षांतून तो पूर पुसला जाईल.

दुरुस्तीच्या या मोहाला फार मोठी माणसंही बळी पडली आहेत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला १९१२ साली मोतीबिंदूचं निदान झालं. पुढची दहा वर्षं तो ऑपरेशन टाळत राहिला. रंग ओळखू येईनात म्हणून ट्यूबवरची नावं वाचून घ्यायचा आणि पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा कायमची ठरवून टाकली होती. त्या काळात त्यानं आपल्या बागेतल्या जपानी पुलाची चित्रं केली, लाल, तपकिरी, पेटल्यासारखी. १९२३ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यात बसवायचं भिंग तेव्हा नव्हतंच. ते पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये बसवलं गेलं. मोनेच्या वाट्याला आला जाड काचांचा चष्मा आणि निळं दिसणारं जग. तो संतापला, निराश झाला. काही कॅनव्हास त्यानं नष्ट केले, काहींवर पुन्हा रंग चढवला. डावा डोळा त्यानं शेवटपर्यंत करू दिला नाही. १९२६ च्या डिसेंबरात, ८६ व्या वर्षी तो गेला. त्याच्या हातून वाचलेल्या त्या लाल पुलांपैकी काही आज पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहेत. ते बघणारा कुणीही 'हा डोळ्यांचा दोष' म्हणून पुढे सरकत नाही.

मोने फार लांबचा वाटत असेल तर माझ्या घरातलं सांगते.

मी २३ वर्षांची असताना बाबांचं पोर्ट्रेट केलं होतं. आरामखुर्चीत बसलेले, डावा हात खुर्चीच्या हातावर. चेहरा बरा जमला होता, हात साफ फसला होता. बोटं आखूड, अंगठा भलत्याच ठिकाणाहून फुटलेला आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला, मनगटाचा पत्ताच नाही, सदऱ्याच्या बाहीतून थेट पंजा. ते चित्र बाहेरच्या खोलीत बावीस वर्षं होतं आणि येता-जाता तो हात मला टोचायचा. बाबा गेल्यावर वर्षभरानं, मी ४५ ची असताना, एका दुपारी चित्र उतरवलं आणि तो हात नीट केला. तोवर मला हात उत्तम काढता येत होते. संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावून बाहेर आली, चित्रासमोर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हात छान झालाय. पण ह्यांचा नाही."

बाबा छापखान्यात कंपोझिटर होते, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे लावायची पट्टी धरायची, उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात लावायचा आणि लावलेले खिळे डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचे. हे तीस वर्षं. त्यांचा डावा अंगठा खरंच बाहेर वाकला होता. तेविसाव्या वर्षी मला हात काढता येत नव्हता हे खरं, पण मी समोर बसलेल्या माणसाकडे बघत होते. पंचेचाळिसाव्या वर्षी मला हात काढता येत होता आणि समोर कुणी नव्हतं.

तो हात मला परत मिळालेला नाही. उलट झालं असं, की जुन्या वाळलेल्या रंगावर चढवलेला नवा रंग आपल्या गतीनं पिवळा पडत गेला. आज एकोणीस वर्षांनी तो हात बाकीच्या चित्रापासून सुटा दिसतो, दुसऱ्याच कुणाचा आणून चिकटवल्यासारखा. तुम्ही आज घाटाच्या सावलीत जो जांभळा भराल, त्याचंही काही वर्षांत हेच होईल. आणि तेव्हा घाट समोर नसेल. त्या दिवाळीचा घाट तर नसेलच.

म्हणून म्हणते, समोर काही नसताना दुरुस्ती करू नये. जे दुरुस्त करायचं असेल ते येत्या दिवाळीला घाटावर बसून नव्या कॅनव्हासवर करा.

आणखी एक विचार तुमच्या पत्रामुळे माझ्या डोक्यात आला, तो दोन दिवस जात नाहीये. भिंग पिवळं पडायला साठीत सुरुवात होत नाही. ते तरुणपणापासून हळूहळू चालूच असतं. म्हणजे तुम्ही पंचविशीत घाट बघितलात तो एका डोळ्यानं, चाळिशीत बघितलात तो दुसऱ्या, साठीत तिसऱ्या. यातला खरा डोळा कुठला धरायचा? पंचविशीतला? तेव्हा तुम्हाला रंग स्वच्छ दिसत असतील, पण पाण्यावर नजर ठरायला शिकली होती का? तुमची ती पन्नास चित्रं मी पाहिलेली नाहीत, आणि तरी मला ती एका ओळीत लावलेली दिसतात. एकच जागा, एकच सुट्टी, एकच माणूस. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चालत गेलं तर उजेड हळूहळू मधासारखा होत जाईल, आणि एका ठिकाणी, येत्या दिवाळीच्या चित्रापाशी, खाडकन निळा होईल. हे असलं काम आपल्याकडे कुणी ठरवून केलेलं मला माहीत नाही. तुमच्या हातून ते न ठरवता झालंय. मधली आठ-नऊ चित्रं 'नीट' केलीत तर ती ओळ तुटेल. एखाद्या मोठ्या हॉलमध्ये ती सगळी दोन दिवस एकत्र लावता आली तर लावाच. मुलीला आणि शाळेला चित्रं उसनी मागा, देतील.

विद्यार्थ्याकडचं चित्र अजिबात परत मागू नका. त्यानं ते स्वतःच्या तरुण डोळ्यांनी बघून, पसंत करून नेलंय. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू नव्हता. ते त्याला खोटं वाटलं असतं तर त्यानं पैसे मोजले नसते, सरांना नमस्कार करून निघून गेला असता. फार तर एका रविवारी वहिनींना घेऊन त्याच्याकडे चहाला जा. त्याचं चित्र भिंतीवर, उजेडात आहे. माळ्यावरच्या भावंडांपेक्षा ते किती वेगळं दिसतं, तेवढं बघून या.

राहिला शेवटचा प्रश्न, थांबावं का. नका थांबू.

तुम्ही तैलरंग का धरलात हे पत्रात लिहिलेलं नाही, पण शिक्षकाची नोकरी करणाऱ्यानं जलरंग सोडून तैलरंगाशी संसार का मांडला असेल याचा मला थोडा अंदाज आहे. तैलरंग वाट बघतो. जलरंग म्हणतो, आत्ताच्या आत्ता. तैलरंगाला सकाळी शाळेआधीचा अर्धा तास चालतो, वह्या तपासून झाल्यावरचा पाऊण तास चालतो, मध्ये दोन दिवस घरात पाहुणे असले तरी चालतं. परत यावं तर रंग ओलाच असतो. माझी मुलं लहान होती तेव्हा मी लाकडी पॅलेट ठेवूनच दिली होती, काचेचा तुकडा वापरायचे. रात्री तो तुकडा कालवलेल्या रंगांसकट पाण्यानं भरलेल्या परातीत बुडवून ओट्याखाली सरकवायचा. पाण्याखाली हवा लागत नाही, रंग वाळत नाही. सकाळी डबे झाले की परात ओढायची, पाणी ओतून द्यायचं आणि कालच्याच रंगानं कालचाच ढग पुढे न्यायचा. ती परात पोळ्यांसाठी पुन्हा कधी वापरली नाही, आणि सासूबाईंनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार. त्या वर्षांत माझी किती चित्रं चांगली झाली? फार थोडी. पण तो सकाळचा तास नसता तर मी कशी झाले असते, याची मला आजही भीती वाटते.

तुमचंही असंच असणार. ३३ वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या स्मरणचित्रांना आणि स्थिरचित्रांना तपासत बसल्यावर दिवाळीत एक दिवस घाटावर स्टूल टाकायचं, शिवाजी पुलाकडे एकदा बघायचं आणि यलो ऑकरचं झाकण उघडायचं, त्या दिवसाला तुम्ही अचूक रंगासाठी जात होता का? अचूक रंग तर फोटोतही मिळतो.

शरीर एकेक गोष्ट काढून घेतं, हे खरं आहे. वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास झेपेनासे झाले. मग काही वर्षं कागदावर, शाईनं, लहान लहान कामं केली. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. तुमच्याकडून तर काहीच काढून घेतलेलं नाही, उलट एक डोळा जास्तीचा मिळालाय. ब्रश जड जातो म्हणता तर कॅनव्हास लहान करा. घाटावर तीन तास बसवत नसेल तर दोन सकाळी दीड-दीड तास बसा. रंग वाट बघेल.

आणि आता जे सांगणार आहे ते या पत्रातलं सगळ्यात तातडीचं आहे, कारण त्याला मुदत आहे.

या क्षणी तुमच्याकडे दोन वेगवेगळे डोळे आहेत. एक नवा आणि एक जुना. तुमच्या आयुष्यात हे काही आठवड्यांपुरतंच असणार आहे. डॉक्टरांना विचारून घ्या. थेंब चालू आहेत तोवर टर्पेंटाइनची बाटली उघडू नका, ब्रश तेलात पुसून साबणानं धुवा, आणि खाली काढलेली चित्रं परत वर चढवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा, तुम्ही वाकून ओझं उचलू नका. परवानगी मिळाली की खिडकीशी टेबल ओढा. वहिनींकडून एखादं जुनं जांभळं वस्त्र मागून घ्या, त्यावर एक लिंबू ठेवा आणि शेजारी स्टीलचं भांडं. आठ बाय दहा इंचांचे दोन बोर्ड घ्या. पॅलेट रोजचीच, ट्यूब त्याच. एका बोर्डवर उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून फक्त डाव्या डोळ्यानं काम करा. डोळ्यावर दाब पडू देऊ नका, रुमाल सैल असू दे. दुसऱ्या बोर्डवर फक्त उजव्यानं. एकदा एका डोळ्यानं सुरू केलेलं चित्र दुसऱ्यानं तपासायचं नाही. मागे तारीख घाला आणि कुठला डोळा ते लिहा.

उजव्या डोळ्याचं लिंबू तुम्ही पुढच्या वर्षीही करू शकाल. डाव्या डोळ्यातलं ते भिंग महिन्याभरानं निघणार आहे. पुराचा घाट तुम्ही त्याच्यातून बघितलात, पट्टी सुटण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत वहिनींना त्याच्यातून बघितलंत. आधी डावं करा.